होम फुकेतला, दाखला पुण्यात

परदेशातल्या हॉटेलकडून लग्नाचं कोटेशन येतं तेव्हा खोल्या, जेवणं, फुलं, दिवे, डीजे या सगळ्यांच्या खाली कुठेतरी ‘हिंदू सेरेमनी सेटअप’ अशी एक ओळ असते. तिच्यात चार खांब, वर झेंडू, दोन सिंहासनं आणि एक लोखंडी कुंड येतं. गुरुजी येत नाहीत, समिधा येत नाहीत, आणि त्या कुंडात खरोखर विस्तव पेटवता येईल याची हमीही येत नाही. वरच्या ओळींवर घरात आठवडाभर खल होतो. ही ओळ मात्र कोणी उलगडून विचारत नाही.

बहुतेक घरांचा क्रम असा असतो : आधी बीच, मग तारीख, मग मेन्यू आणि शेवटी गुरुजींना किंवा फादरना फोन. हा क्रम उलटा करा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. धार्मिक विधी हा अशा लग्नातला सगळ्यात स्वस्त भाग, पण त्याच्या अटी सगळ्यात कडक. हॉटेल घासाघीस करून खाली येतं. चर्चचा नियम किंवा सूर्यास्ताची वेळ येत नाही.

सही कुठे करायची?

पैशांच्या आधी कायदा, कारण इथली चूक सगळ्यात महाग पडते आणि ती लग्नानंतर दोन वर्षांनी कळते.

थायलंडमध्ये धार्मिक विधीला कायद्याने काहीच अर्थ नाही. तिथलं लग्न कायदेशीर होतं ते अम्फे म्हणजे जिल्हा कार्यालयातल्या नोंदीने. त्यासाठी आपल्या दूतावासाचा ‘विवाहास हरकत नाही’ अशा अर्थाचा कागद, त्याचं थाई भाषांतर आणि तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. तीन दिवसांच्या लग्नात हे बसवणं कठीण. इंडोनेशियात नेमकं उलट आहे. तिथल्या १९७४च्या विवाह कायद्यानुसार आधी धर्माप्रमाणे लग्न, मग नोंदणी. आणि दोघांचा धर्म एकच हवा. वर-वधू वेगवेगळ्या धर्मांचे असतील, तर २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून न्यायाधीशांना अशा लग्नांच्या नोंदणीला परवानगी देण्यापासून रोखलं आहे. बालीत आंतरधर्मीय जोडप्याला जे विकलं जातं ते ‘सिम्बॉलिक’ लग्न, म्हणजे कायद्याच्या लेखी निव्वळ समारंभ. फ्रान्समध्ये नगरपालिकेतलं लग्न झाल्याशिवाय धर्मगुरूला विधी करता येत नाही. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत नसलेल्या जागेत केलेला निकाह किंवा सप्तपदी कायद्याच्या लेखी लग्न ठरत नाही. तिथल्या अपील न्यायालयाने २०२० साली एका निकाहच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं.

यात आपलं काय अडतं? मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला असेल तर बरंच. जोडीदाराच्या व्हिसासाठी अमेरिका पाहते ते असं : लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध होतं का? फुकेतच्या वाळूवर सप्तपदी झाली, अम्फेत नोंद नाही आणि मग पुण्यात येऊन ‘विवाहस्थळ : फुकेत’ असं लिहून दाखला काढला, तर व्हिसाच्या खिडकीवर या दाखल्याला प्रश्न विचारले जाऊ शकतात.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. कायद्याचं लग्न निघण्यापूर्वी इथेच, विशेष विवाह कायदा १९५४ खाली करून घ्या. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार घेऊन सह्या करायच्या. नोटीस तीन महिने चालते. सरकारी शुल्क इतकं कमी की लग्नाच्या बजेटमध्ये त्याची ओळसुद्धा करू नये. दोघेही हिंदू असतील तर या कायद्याने लग्न केल्यामुळे वारसाहक्क बदलत नाही. १९७६च्या दुरुस्तीनंतर ती भीती उरलेली नाही.

‘त्यापेक्षा हिंदू विवाह कायद्याखाली आधी नोंदणी करू आणि विधी तिकडे करू’ असं कोणी एजंट सुचवेल. ते ऐकू नका. त्या कायद्यात विधी आधी आणि नोंद नंतर. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की विधी झालेलेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. आणि दोघांपैकी एक ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी किंवा ज्यू असेल तर हा कायदा लागूच होत नाही. अशा वेळी विशेष विवाह कायदा धरणं सगळ्यात सोयीचं.

भारतीय दूतावासात परदेशी विवाह कायदा १९६९ खाली लग्न लावता येतं, पण तिथेही तीस दिवसांचा मुक्काम आणि नोटीस आहे. तिकडे राहणाऱ्यांना तो मार्ग उपयोगी, पाहुण्यांना नाही. परदेशातच कायदेशीर लग्न हवं असेल आणि दोघेही मुस्लिम नसतील, तर अबू धाबीचं नागरी कुटुंब न्यायालय सोपं आहे. २०२१च्या कायद्याने ते सुरू झालं, तिथे रहिवासी असणं लागत नाही आणि मूळ शुल्क ३०० दिरहॅम, म्हणजे सात-साडेसात हजार रुपयांच्या घरात.

कागदांना अपोस्टिल, म्हणजे परदेशात ते ग्राह्य धरले जावेत यासाठीचा शिक्का, लागेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क एका कागदाला ५० रुपये, वर अधिकृत एजन्सीची थोडी फी. बाजारात ‘अर्जंट अपोस्टिल’ म्हणून जे हजारो रुपये मागतात ते मुख्यतः रांगेत उभं राहण्याचे आणि राज्याच्या मंत्रालयातून आधीचा शिक्का आणून देण्याचे असतात.

मुहूर्त, अग्नी आणि गुरुजी

महाराष्ट्रीय हिंदू लग्नाला परदेशात तीन गोष्टी हव्यात : वेळ, विस्तव आणि माणूस. तिन्हींचा खर्च वेगवेगळ्या खिशातून जातो.

वेळेपासून सुरुवात करू. घरातल्या पंचांगातला मुहूर्त इथला असतो. लग्नघटिका त्या जागेच्या अक्षांश-रेखांशावर ठरते, गोरज तर तिथल्या सूर्यास्तावर. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, थायलंड दीड तास पुढे, दुबई आणि मॉरिशस दीड तास मागे. घड्याळाचे काटे पुढे-मागे करून मुहूर्त ‘बसवायचा’ नसतो. गुरुजींना गावाचं नाव सांगून तिथला काढून घ्यायचा. याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही. मागितले तर दुसरे गुरुजी पाहा.

मुहूर्ताचा खरा खर्च हंगामात आहे. तुळशीच्या लग्नानंतर आपले मुहूर्त सुरू होतात. तेव्हा फुकेतला कोरडा हंगाम सुरू झालेला असतो आणि दर चढलेले असतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तर विसराच. पण त्याच थायलंडमधल्या को सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यात जास्त पाऊस. ‘नोव्हेंबरमध्ये सामुई स्वस्त मिळतंय’ याचं कारण ते आहे. वैशाखातल्या मुहूर्तांना बाली आणि इटली हवामानाने उत्तम, मॉरिशस बरं, दुबई उघड्यावर अशक्य. बालीबद्दल आणखी एक. साडेतीन मुहूर्तांतला म्हणून कोणी गुढीपाडवा धरेल, तर तिथे त्याच सुमारास न्येपी असतो, बालीच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. त्या दिवशी चोवीस तास सगळं बेट बंद. विमानतळही बंद, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही. तारीख ठरवण्यापूर्वी न्येपी कधी आहे ते पाहा.

आता विस्तव. हॉटेलला लेखी विचारा : होम कुठे पेटवता येईल, किती वेळ, आणि पाऊस आला तर पर्यायी जागेत पेटवता येईल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी ‘नाही’ असतं, कारण पर्यायी जागा म्हणजे बॉलरूम आणि बॉलरूममध्ये धूर ओळखणारी यंत्रं. काही हॉटेलं अग्निशमनाचा माणूस उभा करण्याचे पैसे लावतात, काही हिरवळीवर विटा-वाळूचा थर घालण्याचे. रक्कम मोठी नसते. पण लाजाहोमाच्या मध्यावर मॅनेजर पाण्याची बादली घेऊन येऊ नये, यासाठी ती करारात हवी. मंगलाष्टकांच्या ध्वनिवर्धकाचंही असंच. रात्री उघड्यावर संगीत किती वाजेपर्यंत चालतं ते विचारा आणि वरात त्याप्रमाणे आधी घ्या.

माणूस. बँकॉक, दुबई, सिंगापूर अशा शहरांत हिंदू मंदिरं आहेत आणि तिथून पुरोहित मिळतात. ते स्वस्त पडतात, पण लग्न त्यांच्या पद्धतीने लागतं. अंतरपाट, मंगलाष्टका, झाल हे हवं असेल तर आपले गुरुजी न्यावे लागतात. मॉरिशस हा अपवाद ठरू शकतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्यांच्या वंशजांचा तिथे मराठी समाज आहे, त्यांची मंदिरं आणि संस्था आहेत. चौकशी तिथून सुरू करायला हरकत नाही.

गुरुजींना नेताना दक्षिणेखेरीज तिकीट, स्वतंत्र खोली, त्यांच्या सोवळ्याप्रमाणे जेवण, प्रवास विमा आणि व्हिसा हे सगळं यजमानाचं. देवक, ग्रहमख, कुलाचार निघण्यापूर्वी घरीच उरका. तिकडे फक्त सीमांतपूजन ते सप्तपदी ठेवली तर विधी अडीच-तीन तासांत होतो आणि हॉटेलचा मंडप दोन दिवस अडकत नाही. सीमांतपूजनाला सीमा कुठली, असा विनोद तिथे कोणीतरी करणारच. तोही कार्यक्रमात धरा.

ऐंशी माणसांचा हिशेब

फुकेतचं पंचतारांकित हॉटेल, ऐंशी माणसं, दोन रात्री. दर हंगामाप्रमाणे हलतील, पण मांडणी कळावी म्हणून गोल आकडे धरू. चाळीस खोल्या, रात्रीला चौदा हजार : ११ लाख २० हजार. पाच जेवणं, ताटाला साडेतीन हजार : १४ लाख. झाले २५ लाख २० हजार. कोटेशनवर या आकड्यांपुढे दोन बारीक अधिकचिन्हं असतात. त्यांचा अर्थ वर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर सात टक्के कर, म्हणजे एकूण १७.७ टक्के. या चिन्हांची किंमत इथे साडेचार लाख रुपये झाली. बालीत हीच भर साधारण २१ टक्के असते. दुबईत सेवाशुल्क, पालिकेचं शुल्क आणि मूल्यवर्धित कर असे तीन थर येतात. दोन देशांची कोटेशनं शेजारी ठेवताना नेहमी करासह अंतिम आकडा मागा.

पुढे सजावट आठ लाख, आवाज-दिवे तीन, भारतातून नेलेले फोटोवाले चार, बसगाड्या दीड, घरच्या बारा जणांची तिकिटं जवळपास चार. आणि विधी : गुरुजींचं तिकीट पस्तीस हजार, खोली अठ्ठावीस, दक्षिणा एक्कावन्न, साहित्य पंधरा, होमाच्या व्यवस्थेचे वीस. दीड लाख. एकूण बेरीज ५१-५२ लाखांवर जाते आणि ज्यासाठी सगळा खटाटोप, त्या विधीचा वाटा तीन टक्क्यांच्या आत राहतो. काटकसर करायची तर गुरुजींच्या दक्षिणेत करू नका. पाच जेवणांतलं एक कमी केलं तर कर धरून तीन लाख तीस हजार वाचतात.

उरलेल्या अडुसष्ट पाहुण्यांची तिकिटं कोणाची? ‘कृपया आहेर आणू नयेत’ हे आपण सहज छापतो, पण ‘तिकीट ज्याचं त्याने काढावं’ हे छापायला जीभ रेटत नाही. यजमानांनी काढायची म्हटली तर माणशी बत्तीस हजार धरून आणखी पावणेबावीस लाख. हे निमंत्रणाच्या आधी ठरवा आणि फोनवर स्पष्ट सांगा. आत्याला वेगळं, मावशीला वेगळं असं केलंत तर त्याचा हिशेब कुठल्याच कोटेशनमध्ये सापडणार नाही.

व्हिसाचा खर्चही माणशी मोजा. बालीत विमानतळावरचा व्हिसा पाच लाख रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून पर्यटन शुल्क दीड लाख रुपिया. शून्यं पाहून घाबरू नका, दोन्ही मिळून साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. पण शंभर माणसांचे साडेतीन लाख. इटलीसाठी शेंगेन व्हिसा प्रौढाला ९० युरो, वर केंद्राची फी आणि किमान ३० हजार युरोंचं विमासंरक्षण. अर्ज नाकारला तर फी परत नाही, आणि ऐंशी अर्जांत दोन-चार नाकारले जाणं अगदी शक्य आहे. थायलंडचे भारतीयांसाठीचे प्रवेशनियम अलीकडे अनेकदा बदललेत. मे २०२५ पासून भरावं लागणारं डिजिटल आगमनपत्र मोफत आहे; त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ बनावट समजा.

चर्चमधलं लग्न : कागद आधी, समुद्र नंतर

वसईच्या, मुंबईच्या ईस्ट इंडियन किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांना इटलीतल्या जुन्या चर्चचं आकर्षण असतं. तिथे विधीचा खर्च म्हणजे चर्चला ऐच्छिक देणगी, ऑर्गनवादक, फुलं. अवघड आहेत ते कागद. अलीकडच्या सहा महिन्यांत काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला, अविवाहित असल्याचं पत्र, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, आपल्या पॅरिशमध्ये झालेल्या घोषणा आणि धर्मगुरूंसमोरची चौकशी. मग आपल्या फादरचं अनुमतिपत्र बिशप कार्यालयामार्फत तिकडे जातं. सहा महिने आधी सुरुवात करा.

आपलेच फादर बरोबर न्यायचे असतील तर एक गोष्ट विसरून चालणार नाही. लग्न लावण्याचा अधिकार त्या स्थानिक पॅरिशच्या धर्मगुरूंचा. त्यांनी आपल्या फादरना तो लेखी सोपवावा लागतो. हा कागद नसेल तर मिस्सा कितीही सुंदर झाली तरी चर्चच्या कायद्याने लग्न अवैध. बीचवर कॅथलिक विवाह साधारणपणे मिळत नाही, दोघेही कॅथलिक असतील तर चर्च हीच जागा. ‘बीचवर फादर देतो’ म्हणणाऱ्या संयोजकाला विचारा, कुठल्या धर्मप्रांताचे? उत्तर लांबायला लागलं की समजून घ्या. उपवासकाळात सजावट साधी ठेवावी लागते, गुड फ्रायडे आणि त्यानंतरच्या शनिवारी लग्न नाही, आणि सिनेमातलं गाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही.

इटलीत चर्चमधल्या लग्नाला नागरी मान्यताही मिळू शकते, पण त्यासाठी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं नाहरकत पत्र आणि स्थानिक कार्यालयाचा शिक्का लागतो. इथे आधीच विशेष विवाह कायद्याने लग्न केलं असेल तर ते दोन्हीकडच्या फादरना पहिल्याच भेटीत सांगा. ते लपवून चालत नाही, कारण कागद त्याप्रमाणे बदलतात. गोवेकरांसाठी नागरी नोंदणीची तिथली दोन टप्प्यांची पद्धत वेगळी आहे. तिथल्या सब-रजिस्ट्रारकडे गेल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

आणि आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू. सकाळी चर्च, संध्याकाळी सप्तपदी, दोन्ही घरं खूश. संयोजक हे पॅकेज आनंदाने विकतात. चर्चचा कायदा मात्र त्याला परवानगी देत नाही : कॅनन ११२७ प्रमाणे त्याच विवाहाची संमती देण्यासाठी किंवा पुन्हा उच्चारण्यासाठी दुसरा धार्मिक विधी आधीही नाही आणि नंतरही नाही. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराशी लग्नासाठी बिशपांची सूट मुळातच लागते, तिला काही आठवडे जातात. दोन मार्ग उरतात. एक, चर्चमध्ये लग्न आणि हिंदू बाजूकडून हळद, मेंदी, संगीत, सुनमुख असे संमतीचा उच्चार नसलेले सोहळे. दोन, चर्चच्या पद्धतीतूनच सूट मागून एकच लग्न दुसऱ्या रीतीने. कुठलाही घ्या, पण दोन मंडपांचे पैसे भरण्यापूर्वी फादरशी बोला. मंडपाचं डिपॉझिट परत मिळत नाही.

बाकीच्या परंपरा

शिखांचं आनंद कारज गुरू ग्रंथ साहिबांच्या उपस्थितीतच होतं आणि ऑक्टोबर २०२३मध्ये अकाल तख्ताने बीच आणि रिसॉर्टवर स्वरूप, म्हणजे ग्रंथाची प्रत, नेण्याला बंदी घातली. त्यामुळे नांदेडच्या किंवा मुंबईच्या शीख कुटुंबाने परदेश निवडताना आधी गुरुद्वारा शोधावा, मग त्याच्या जवळचं हॉटेल. विधीचा खर्च जवळपास लंगरच्या सेवेएवढा. रिसॉर्ट दीड तासावर असेल तर बसगाड्यांचाच जास्त.

निकाह सगळ्यात सुटसुटीत : संमती, मेहर, दोन साक्षीदार, काझी. कोकणी मुस्लिम घरांची नाती आखातापासून केप टाउनपर्यंत पसरलेली असल्याने तिकडे निकाह ही नवलाईची गोष्ट नाही. सावधगिरी एवढीच की निकाहनामा आणि त्या देशाचा विवाहदाखला एकच आहेत असं गृहीत धरू नका. तुर्कस्तानात नागरी लग्नाशिवाय नुसत्या निकाहला कायदेशीर अर्थ नाही. मेहर कुठल्या चलनात, हेही लिहून ठेवा.

बौद्ध लग्नाला थायलंड किंवा श्रीलंकेतला विहार निवडणाऱ्यांनी वेळ सकाळची धरावी. भिक्खू दुपारनंतर भोजन घेत नाहीत आणि भोजनदान हा सोहळ्याचा गाभा असतो. तिथले भिक्खू लग्न ‘लावत’ नाहीत, ते परित्राण म्हणून आशीर्वाद देतात. त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार अशी आपल्याकडची पद्धत हवी तर बौद्धाचार्य इथून न्या. दानाची पाकिटं किती भिक्खूंची ते विहारातच विचारा. थायलंडमध्ये नऊ हा आकडा नेहमीचा.

रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेल्या बेने इस्रायली घरांचे नातलग इस्रायलमध्ये आहेत आणि तिथे लग्न करण्याची इच्छा साहजिक आहे. मात्र त्या देशात नागरी विवाहच नाही. ज्यूंचं लग्न मुख्य रब्बीमंडळाच्या अखत्यारीत होतं आणि ज्यू असण्याचा पुरावा मागितला जातो. साठच्या दशकात याच मुद्द्यावर बेने इस्रायलींनी मोठं आंदोलन केलं आणि १९६४मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आजही आईवडिलांचा केतुबा, म्हणजे विवाहकरार, जपून न्या, तो सगळ्यात उपयोगी कागद. हे टाळायचं असेल तर कित्येक इस्रायली जोडपी करतात तसं सायप्रसला नागरी लग्न करता येतं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत लग्न होत नाही, तेव्हा हॉटेलचं ‘वीकेंड पॅकेज’ इथे निरुपयोगी.

पारशी आशीर्वादाला दस्तूर आणि त्यांच्याखेरीज दोन पारशी साक्षीदार लागतात. या तिघांची तिकिटं आधी काढा.

पैसे पाठवताना आणि सामान भरताना

हॉटेलला परस्पर पैसे पाठवले तर ते रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत येतात : माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. एकट्या वडिलांनी तीस लाख पाठवले तर चार लाख विवरणपत्र भरेपर्यंत अडकले. ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण ऐन लग्नात हातात नसतात. खर्च खरोखरच तिघे उचलत असतील तर तिघांनी आपापल्या खात्यातून दहा-दहा पाठवावेत. मर्यादा प्रत्येकाच्या पॅनवर आहे. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर दर वेगळा आणि अर्थसंकल्पागणिक बदलणारा, तो त्या महिन्यात विचारा. क्रेडिट कार्डावर चलनबदलाचे दोन ते साडेतीन टक्के जातात.

शक्य असेल तिथे करार भारतात नोंदलेल्या कंपनीशी करा, पावती जीएसटीसह घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन. परदेशी हॉटेलविरुद्ध इथे निकाल मिळाला तरी वसुली कशी करणार? करारात तीन गोष्टी लेखी हव्यात : खोल्या किती दिवस आधी कमी करता येतील, पावसात विधी कुठे, आणि बाहेरचे गुरुजी, आचारी, सजावटकार आणले तर त्याचं शुल्क किती.

सामानात कापूर आणि काडेपेटी नको, दोन्ही ज्वलनशील. सुकं खोबरंही अनेक विमान कंपन्या अडवतात. नारळ, फुलं, केळीचे खांब तिथेच घ्या. तूप हातातल्या बॅगेत द्रवात मोजलं जातं. युरोपात दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, म्हणजे इटलीच्या लग्नाला पेढे आणि होमाचं तूप दोन्ही तिकडचंच. दुबईला जाणाऱ्यांनी रुखवताकडे नीट पाहावं. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत आहे, त्यामुळे अनारसे घरी राहू द्या. विड्याची पानंही चालत नाहीत. सुपारीचंही आधी विचारून घ्या. मुंडावळ्या, बाशिंगं, अंतरपाट, मंगळसूत्र हातातल्या बॅगेत, कारण सामान एक दिवस उशिरा आलं तर मुहूर्त थांबत नाही.

वधूचे दागिने इथून नेऊन परत आणायचे, म्हणून निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. परतताना तेच सोनं ‘विकत आणलं का’ असं विचारलं तर हा कागद दाखवता येतो. त्यासाठी सराफाचं मूल्यांकनपत्र, दागिन्यांचे फोटो आणि नगांची वजनासह यादी न्या, आणि हे काम ज्याच्याकडे त्याला बाकी वऱ्हाडाच्या तासभर आधी विमानतळावर पाठवा.